वैर नव्हे, भाऊबंदकी

प्रश्न थोडक्यात असा. भांडुपला राहणाऱ्या, पवईत नोकरी करणाऱ्या २४ वर्षांच्या एका मुलीने सहा महिन्यांपूर्वी सेकंडहँड ३९० ड्यूक, म्हणजे केटीएमची वेगवान मोटरसायकल, घेतली. ऑफिसात नऊ जणांचा ग्रुप आहे. सात जणांकडे रॉयल एनफिल्डची बुलेट नाहीतर क्लासिक, एकाकडे हिमालयन, एकाकडे ॲव्हेंजर. ते तिच्या गाडीला ‘मिक्सर’ म्हणतात, ती त्यांच्या गाड्यांना ‘ट्रॅक्टर’ म्हणते. इथवर गंमत होती. परवा एकाने ‘छपरी गाडी’ म्हटलं आणि ते तिला लागलं. आता त्याच ग्रुपने येत्या रविवारी माळशेजला चल म्हणून बोलावलंय. ती विचारते, हे वैर खरं असतं का? गाडीच्या प्रकारावरून माणसं इतकी का भांडतात? आणि घाटात माझी गाडी बंद पडली तर हे लोक थांबतील का?

माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे, म्हणून एकेरीत लिहितो. परळला माझं गॅरेज आहे. १९८८ साली, १७ वर्षांचा असताना एका मिस्त्रींच्या हाताखाली पाने पुसायला लागलो, तेव्हापासून याच कामात आहे. गेली वीसेक वर्षं पावसाळ्यात आणि हिवाळ्यात लोकांना घेऊन राइडलाही जातो. माझ्या दारात सगळ्या जातकुळीच्या गाड्या येतात आणि त्यांचे मालक एकाच बाकावर बसून एकमेकांच्या गाड्यांना नावं ठेवतात. त्यामुळे हे भांडण मी रोज ऐकतो.

आधी उत्तर देतो. जा. हे वैर नाही, ही भाऊबंदकी आहे. गावाकडे चुलत भाऊ बांधावरून वर्षानुवर्षं भांडतात, कोर्टात जातात, आणि एकाच्या घरी कार्य निघालं की दुसरा आपणहून पंगतीत वाढायला उभा राहतो. तसंच आहे हे. मात्र ‘छपरी’ हा शब्द त्यात बसत नाही. त्यावर पुढे लिहितो.

भांडण मुळात कुठून येतं ते मी तुला गाडी उघडून दाखवू शकतो. जुन्या ओतीव लोखंडी इंजिनाच्या बुलेटचा पिस्टन ७० मिलिमीटर रुंद आणि त्याचा वरखाली प्रवास ९० मिलिमीटर. तुझ्या ड्यूकचा पिस्टन ८९ मिलिमीटर रुंद आणि प्रवास ६०. आकडे जवळजवळ उलटेपालटे केल्यासारखे आहेत. पहिल्यांदा हे दोन पिस्टन मी बाकावर शेजारी शेजारी ठेवले तेव्हा कितीतरी वेळ बघत बसलो होतो. एक उंच, अरुंद, विहिरीसारखा सिलिंडर. दुसरा पसरट, परातीसारखा. लांब प्रवास असलेला पिस्टन सावकाश चालतो, पण प्रत्येक ठोका दमदार देतो. नव्या क्लासिकचं इंजिन ७२ बाय ८५.८ आहे, म्हणजे घराणं तेच. ती ४,००० आरपीएमलाच, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला ४,००० फेऱ्यांवरच, आपला २७ न्यूटन मीटरचा सगळा टॉर्क, म्हणजे ओढ, मोकळा करते. तुझी गाडी ७,००० ला ३७ देते आणि ९,००० ला ४३ हॉर्सपॉवरपर्यंत जाते. क्लासिकची ताकद २० हॉर्सपॉवर, वजन १९५ किलो. तुझ्या गाडीचं वजन १७० च्या आसपास.

आता हे दोघं एका रस्त्यावर एकामागे एक चालवून बघ. बुलेटवाला चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये ६० वर आरामात आहे. त्याला काहीच करावं लागत नाही, इंजिन ओढत राहतं. त्याच ६० ला तू वरच्या गिअरमध्ये राहिलीस तर तुझी गाडी धक्के द्यायला लागते, म्हणून तू गिअर खाली घेतेस, आवाज चढतो. त्याला वाटतं ही मागून डिवचते आहे. तुला वाटतं हा मुद्दाम रस्ता अडवून बसलाय. दोघांपैकी कुणाच्याच मनात तसं काही नसतं. दोन इंजिनं आपापला श्वास घेत असतात, एवढंच.

उतारावर तर याहून मोठे गैरसमज होतात, आणि तिथे ते जिवावर बेततात. बुलेटवाला ॲक्सिलरेटर सोडतो की इंजिनच गाडीला धरून ठेवतं. ब्रेकला हात नाही, म्हणून मागचा लाल दिवा लागत नाही. मागच्याला कळतच नाही की पुढची गाडी हळू झाली. आरएक्स, येझदीसारख्या जुन्या टू-स्ट्रोक इंजिनाच्या गाडीचं बरोबर उलट. तिला इंजिनाचा अटकाव फार थोडा, ती उतारावर घरंगळत सुटते. त्यात जुन्या येझदीला ऑइल पेट्रोलमध्येच मिसळून द्यावं लागतं. मोठ्या उतारावर ॲक्सिलरेटर बंद ठेवला तर पेट्रोल नाही आणि पेट्रोल नाही तर ऑइलही नाही. पिस्टन जाम होऊ नये म्हणून जाणता येझदीवाला उतारावर मधूनमधून गाडी पिळतो. मागचे म्हणतात, बघ कसा शायनिंग मारतोय. तो बिचारा आपलं इंजिन वाचवत असतो. मी राइडच्या आधी दहा मिनिटं फक्त एवढंच सांगतो की कुणाची गाडी उताराला कशी वागते. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

शरीराचंही तसंच. ॲव्हेंजरवाल्याचे पाय पुढे पसरलेले. खड्डा आला तर तो फूटरेस्टवर उभा राहू शकत नाही, सगळा हादरा कमरेत घेतो, म्हणून तो खड्डा दिसला की मान न हलवता वळसा घालतो आणि मागच्याला दचकवतो. स्पोर्ट्स गाडीवाल्याचा भार मनगटांवर, तो शहरात तासाभरात वैतागतो. हिमालयनचं पुढचं चाक २१ इंची, त्याला खड्ड्यांचं काही वाटत नाही, तो सरळ जातो आणि बाकीच्यांना वाटतं हा बेफिकीर आहे. प्रत्येकाला आपली बसण्याची पद्धत जगातली एकमेव शहाणी पद्धत वाटते. तासन्तास त्याच बैठकीत बसून पाठ आणि मन दोन्ही तसंच घडतं.

मुंबईत हे भांडण नवं नाही. मी कामाला लागलो तेव्हा यामाहाच्या आरएक्स १०० चा जमाना होता. १९८५ साली ती आली, ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, आणि सिग्नल सुटला की पहिल्या शंभर मीटरमध्ये भल्याभल्यांना मागे टाकायची. तिच्यासमोर केबी १०० वाले, इंड-सुझुकीवाले. या सगळ्यांच्या वर राजदूत ३५०, दोन सिलिंडरची, पेट्रोल पाण्यासारखी पिणारी, जिच्याकडे आम्ही पोरं रस्त्याच्या पलीकडून नुसतं बघायचो. येझदीवाले आपला सवतासुभा करून बसलेले. ज्या लिव्हरने किक मारायची तोच पुढे ढकलला की गिअर, हे नवख्याला दाखवताना त्यांच्या तोंडावर जो अभिमान असायचा तो मी अजून विसरलेलो नाही. मैसूरचा तो कारखाना १९९६ ला बंद झाला, तरी त्यांचा अभिमान गेला नाही. दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले आपापल्या शहरात जमतात. मग २००१ ला पल्सर आली, २०१२ ला आधी २०० ड्यूक, २०१३ ला ३९०. दर दहा-बारा वर्षांनी नवी पोरं येतात, जुन्यांना कालबाह्य ठरवतात आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत स्वतः जुनी होतात.

कंपन्याही या आगीत तेल ओततात. २०१७ साली बजाजच्या डोमिनार या मोटरसायकलच्या जाहिरातीत हत्तींवर बसून निघालेले स्वार दाखवले होते आणि हत्ती पाळू नका असं सांगितलं होतं. रोख बुलेटवाल्यांवर आहे ते लहान मुलालाही कळत होतं. माझ्या बाकावर त्या महिन्यात खरोखर भांडणं झाली. माल विकण्यासाठी कंपनीने ते केलं, तिचा तो धंदा आहे. पण तुझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाने ते भांडण स्वतःच्या अंगावर का घ्यावं, हे मला कधीच पटलं नाही.

परदेशातही हे झालंय. दादर पारशी कॉलनीतले माझे एक जुने गिऱ्हाईक, त्यांच्याकडे जुनी ब्रिटिश गाडी होती, ते सांगायचे की १९६४ साली इंग्लंडमध्ये क्लॅक्टन, मार्गेट, ब्रायटन अशा समुद्रकाठच्या गावांत स्कूटरवाले ‘मॉड’ आणि मोटरसायकलवाले ‘रॉकर’ सुट्टीच्या दिवशी एकमेकांना भिडले होते, पोलीस, अटका, सगळं. रॉकर पोरांचा लंडनमधला अड्डा म्हणजे एस कॅफे. तो १९६९ ला बंद पडला आणि २००१ ला पुन्हा उघडला. आता तिथे सगळ्या प्रकारच्या गाड्यांचे दिवस ठरलेले असतात.

आपल्या मुंबईत मात्र एक गोष्ट अशी आहे जी आपल्याला भांडू देत नाही. जे जे उड्डाणपुलाच्या तोंडाशी दुचाकीला बंदीची पाटी. सी लिंकवर २००९ पासून बंदी. ईस्टर्न फ्रीवेवर बंदी, कोस्टल रोडवर बंदी, अटल सेतूवर बंदी. पुण्याला जायचं तर एक्स्प्रेसवेवर बंदी. या पाटीला तुझी गाडी दोन लाखांची आहे की वीस लाखांची, हे दिसत नाही. माझ्या एका गिऱ्हाइकाकडे मोठी हार्ले आहे. तो आणि माझ्या गल्लीतला स्प्लेंडरवर पार्सलं पोचवणारा मुलगा, दोघं माहीमच्या कॉजवेवर एकाच गर्दीत, एकाच बसच्या धुरात उभे असतात. पुण्याला निघालो की सगळे जुन्या हायवेने, खोपोलीवरून, शिंग्रोबाच्या घाटातून. तिथे देवळापाशी गाडी हळू करून नाणं टाकायची पद्धत आहे. ते नाणं टाकताना मी आर१५ वरच्या कातडी जॅकेटवाल्यालाही पाहिलंय आणि दुधाच्या किटल्या लावलेल्या राजदूतवाल्यालाही.

आता तुझा खरा प्रश्न, थांबतील का?

मी तुला २६ जुलै २००५ सांगतो. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्या हिंदमाता-परळ भागात साध्या पावसातही पाणी भरतं, त्या दिवशी तर गाड्यांच्या सीटवरून पाणी गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर उघडलं तर बाहेर रांग. ढकलत आणलेल्या चाळीस-एक गाड्या. आमच्या भागात तेव्हा दोन कट्टे होते. एका कट्ट्यावर आरएक्सवाले, दुसऱ्यावर बुलेटवाले. त्यांचं एकमेकांशी बोलणंही नव्हतं, दोनदा हाणामारी झाली होती. त्या सकाळी दोन्ही कट्टे माझ्या दारात, चिखलात.

माझ्याकडे एक मदतनीस, तोही कुर्ल्याला अडकलेला. मी एकटा चाळीस गाड्यांना काय पुरणार? मग मी सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं की कुणीही सेल्फ मारू नका. फोर-स्ट्रोकच्या सिलिंडरमध्ये पाणी असेल आणि तुम्ही बटण दाबलंत तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, मग इंजिनच उघडावं लागतं. आधी प्लग काढा, मग हळू किक मारून पाणी बाहेर काढा. ऑइल दुधाळ झालं असेल तर सगळं काढा, नवीन भरा, पाच मिनिटं चालवा, पुन्हा काढा, पुन्हा भरा. टू-स्ट्रोकवाल्यांनो, तुमचं सोपं आहे. प्लग काढा, गाडी आडवी करा, सायलेन्सर उतरवून पाणी सांडा, तुषार यायचे थांबेपर्यंत किक मारा.

आरएक्सच्या पोरांच्या गाड्या तासाभरात सुरू झाल्या. ती पोरं घरी जाऊ शकली असती. गेली नाहीत. बुलेटच्या किका मारून बुलेटवाल्यांच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या, तर ही पोरं पुढे झाली. त्यांना डीकॉम्प्रेसर, म्हणजे किक हलकी करणारा खटका, काय असतो, ॲमीटरचा काटा बघून किक कुठे आणायची, हे काही माहीत नव्हतं. ते बुलेटवाल्यांनी शिकवलं. उलट बुलेटवाल्यांपैकी एकाच्या घरी स्टोव्ह पेटत होता, त्याच्या आईने पातेलंभर चहा पाठवला. रात्री नऊपर्यंत एकतीस गाड्या सुरू झाल्या. त्यानंतर ते दोन्ही कट्टे राहिले, एकमेकांना चिडवणंही राहिलं, पण हाणामारी पुन्हा झाली नाही. त्यातले दोघं आज व्याही आहेत.

आणि हे फक्त संकटाच्या दिवशीच होतं असं समजू नकोस. २०१४ च्या पावसाळ्यात मी नाशिकहून एकटा येत होतो. कसारा घाटात, संध्याकाळी सातला, माझी क्लच वायर तुटली. जुनी झाली होती, बदलायची राहिली होती, चूक माझीच. जास्तीची वायर मी नेहमी जुन्या वायरला समांतर बांधून ठेवतो, पण ती मागच्या राइडला एकाला दिली होती. पाऊस, धुकं, ट्रकची रांग. दोन बुलेट हॉर्न वाजवून पुढे गेल्या. थांबला तो एक स्पोर्ट्स गाडीवाला मुलगा, २०-२१ वर्षांचा, नखशिखान्त रायडिंगचा पोशाख घातलेला. त्याने आयुष्यात कधी पाना धरला नसावा. पण त्याने एक फार शहाणं काम केलं. आपली गाडी माझ्या मागे पंधरा-वीस पावलांवर, चारही इंडिकेटर चालू करून उभी केली, म्हणजे वळणावरून येणाऱ्या ट्रकला आधी ती दिसावी. मग चाळीस मिनिटं माझ्या डोक्यावर मोबाइलचा टॉर्च धरून भिजत उभा राहिला. मी तुटलेल्या टोकाला स्क्रूचा निपल लावून काम भागवलं. तोवर वाकून गाडी चालवणाऱ्यांबद्दल माझं मत फार चांगलं नव्हतं. त्या चाळीस मिनिटांत ते बदललं. माझ्यासारखेच बुलेटवाले दोघं पुढे गेले होते, हेही मी विसरलेलो नाही.

म्हणून थांबणाऱ्या माणसाची गाडी ओळखायला जाऊ नको. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त थांबतो तो ज्याची स्वतःची गाडी कधीतरी रस्त्यात पडली आहे. त्यात स्प्लेंडरवाले, प्लॅटिनावाले सगळ्यांच्या पुढे, कारण ते हौस म्हणून नाही तर पोटासाठी रोज पाऊणशे किलोमीटर गाडी चालवतात आणि गाडी बंद म्हणजे त्या दिवसाचा पगार बंद.

इथे ‘छपरी’ वर येतो. ट्रॅक्टर, मिक्सर, दूधवाला, हे सगळं गाडीबद्दल आहे, त्यात तुला जे उत्तर सुचेल ते दे. ‘छपरी’ हे गाडीबद्दल नाही. ते माणसाबद्दल आहे. तो कुठल्या वस्तीत राहतो, केस कसे कापतो, हप्त्यावर गाडी घेतली का, हे त्या शब्दात आहे. गवताची छपरं शाकारून पोट भरणारी माणसं आपल्या देशात आहेत, त्यांच्यावरून हा शब्द शिवी म्हणून फिरतो आहे. आपल्यापैकी किती जणांच्या आजोबांचं घर कौलारू होतं? माझ्या आजोबांचं गवताचं होतं, दर वैशाखात शाकारायचे. तेव्हा माझ्या बाकावर हा शब्द कुणी उच्चारला तर मी त्याला बाहेर उभं करतो, मग त्याची गाडी कितीही लाखांची असो. तू रविवारी जाण्याआधी त्या मुलाशी एकट्याशी बोल. ग्रुपसमोर नको, ग्रुपसमोर माणूस माघार घेत नाही. माझ्या गाडीला काहीही म्हण, हा शब्द नको, एवढंच सांग. समजला तर उत्तम. नाही समजला तर त्या एका माणसापासून चार हात लांब राहा. बाकी आठ जणांवर राग काढू नको.

दुसरी गोष्ट, जिथे मी कुणाचंच ऐकत नाही. रस्त्यावर शर्यत. वरळी सी फेस, बीकेसी, वेस्टर्न एक्स्प्रेस, रात्री दीडनंतर कुठली गाडी पुढे ते ठरवायला जाणारी पोरं मी तीस वर्षं बघतोय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका सकाळी टेम्पोतून एक गाडी आली. पुढचा फोर्क इंजिनात घुसलेला. तिच्यामागे टॅक्सीतून मुलाचे वडील आले. मी म्हटलं, काका, ही दुरुस्त होणार नाही. ते म्हणाले, दुरुस्त करायची नाही, फक्त किल्लीला त्याने लावलेलं कीचेन काढून द्या. लॉक वाकलं होतं, मला किल्ली काढायला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात ते एक शब्द बोलले नाहीत. तो मुलगा आणि त्याच्याबरोबर शर्यत लावणारा, दोघांच्या गाड्यांची सर्व्हिसिंग मीच करायचो. तुझी गाडी त्या सातही बुलेटपेक्षा वेगवान आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. रविवारी कुणी ‘दाखव जरा पिकअप’ म्हणेल. दाखवू नको. ज्याला खरंच बघायचंय त्याने कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर नाहीतर चेन्नईजवळच्या ट्रॅकवर ट्रेनिंग घ्यावं. माझी चार-पाच गिऱ्हाइकं जाऊन आली, त्यांना आता रस्त्यावर काही सिद्ध करावंसं वाटत नाही.

हात करण्याबद्दल तू विचारलं नाहीस, पण ग्रुपमध्ये यावरूनही रुसवे होतात म्हणून सांगतो. अमेरिकेतले व्हिडिओ बघून आपली पोरं डावा हात खाली करून दोन बोटं दाखवतात. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने जातात, समोरून येणारा डावीकडे असतो आणि डावा हात त्याला दिसतो. आपल्याकडे समोरचा उजवीकडून येतो. आपला डावा हात गाडीच्या पलीकडे लपलेला आणि उजव्या हातात ॲक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक. म्हणून इथे मान हलवायची, नाहीतर एकदा डिपर. कुणी उत्तर दिलं नाही तर त्याच्यासमोर खड्डा असेल असं समज.

गुढीपाडव्याच्या आधीचा आठवडा कधी माझ्या गॅरेजवर येऊन बघ. गिरगावच्या शोभायात्रेसाठी मुली गाड्या घेऊन येतात. नऊवारी, फेटा, नथ, आणि खाली कुणाची बुलेट, कुणाची ॲक्टिव्हा, दोन-तीन ड्यूकही. यात्रेत गाडी तासन्तास माणसाच्या चालीने चालते, क्लच जळतो, इंजिन तापतं. मी प्रत्येकीला तेच सांगतो. हाफ क्लचवर राहू नका, पुढे जागा झाली की थोडं जा, मग न्यूट्रल करून थांबा. त्या चालीत कुठलीच गाडी कुठल्याच गाडीपेक्षा वरचढ नसते आणि जिची बंद पडते तिला बाकीच्या ढकलतात.

आता रविवारचं. भांडुपहून जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास होईल. हिमालयन सोडली तर बहुतेकांच्या टाक्या साधारण १३ लिटरच्या, पण तुझी गाडी पेट्रोल जास्त पिते, म्हणजे सगळ्यात वेगवान गाडी सगळ्यात आधी रिझर्व्हला लागेल. निघताना टाकी फुल कर आणि परतताना मुरबाडला पुन्हा बघ. लीडला, म्हणजे सगळ्यात पुढे चालणाऱ्याला, आधीच सांग की तुला त्याच्या मागे दुसऱ्या नंबरवर राहायचंय. नवख्या माणसाला शेवटी ठेवतात ते चूक आहे. शेवटच्याला पुढच्यांना गाठण्यासाठी सतत पळावं लागतं. शेवटी असावा तो ग्रुपमधला सगळ्यात जाणता आणि त्याच्याकडे हवा भरायचा पंप, पंक्चरचं किट असावं. तुमच्यात ते काम बहुतेक हिमालयनवाल्याचं.

कल्याणच्या दुर्गाडीपासून शहाड, मुरबाड, टोकावडे असा रस्ता. सरळ रस्त्यावर एकाआड एक चालायचं. लीड लेनच्या उजव्या अंगाला, तू डाव्या, तिसरा पुन्हा उजव्या. ज्याच्या नेमकं मागे आहेस त्याच्यापासून दोन सेकंदांचं अंतर. घाट लागला की एकच ओळ आणि अंतर वाढवायचं. उतारावर पुढच्या बुलेटच्या लाल दिव्याची वाट बघू नको, तिच्या चाकाकडे बघ. गिअर एक खाली ठेव, म्हणजे तुझंही इंजिन धरेल. धुक्यात हेडलाइट लो वर. धबधब्यांपाशी पावसाळ्यात जमावबंदीचे आदेश निघतात, ते शनिवारी रात्री तपासून घ्या.

माळशेजला चहाला थांबलात की ज्याची गाडी तुला सगळ्यात जास्त खटकते त्याच्याकडे किल्ली माग आणि तुझी त्याला दे. मोकळ्या सरळ रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर पुरे. मात्र आधी विचारून घे. गाडी जुन्या बनावटीची असेल तर गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असतो. घाईत ब्रेक म्हणून गिअर दाबला जातो. तशी असेल तर घेऊ नको, मागे बसून ये. मागे बसतानाही हेल्मेट.

आणि शुक्रवारी संध्याकाळी गाडी घेऊन ये. चेनचा ताण बघू, पुढच्या टायरची हवा बघू, तुझ्या हँडलखाली एक जास्तीची क्लच वायर बांधून देतो. तुझ्या गाडीला लागली नाही तर बरंच. येताना त्या हिमालयनवाल्याला फोन करून विचार, पंप चालू आहे का.